पिल्लू राहू द्या, आधी आई दाखवा

गोव्यात कुत्र्यांवरून वाद पेटला की तो दोनच वाटांनी जातो. एक वाट किनाऱ्यावरच्या आणि बाजारातल्या भटक्या कुत्र्यांची, दुसरी पिटबुल आणि रॉटवायलरची. पहिलीवरून ग्रामसभा तापतात, दुसरीवरून विधानसभा. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अशा आक्रमक जातींवर बंदी आणणाऱ्या विधेयकाला मान्यता दिली, तेव्हा ज्यांच्या सोफ्यावर छोटंसं पॉमेरेनियन किंवा शिह त्झू लोळत होतं, त्यांनी बातमी वाचून पान उलटलं असणार. आपला काय संबंध?

संबंध आहे. माणसाला फाडणारा कुत्रा बातमीत येतो. मांडीवर झोपणारा येत नाही, म्हणून तो कुठून आला, किती दिवसांचा असताना आला, त्याच्या आईचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही. गोव्यातल्या छोट्या कुत्र्यांचा धंदा या न विचारण्यावर उभा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, आईशेजारी ठेवून दाखवल्याशिवाय आणि विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय एकही पिल्लू विकलं जाऊ नये. सरकारनं ही अट जाहिरातीपाशीच अडवून पाळायला लावावी. यासाठी जे नियम लागतात त्यातले बरेचसे आठ-नऊ वर्षांपूर्वीच झालेले आहेत.

फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, कुठंही जा. तीसेक वर्षांपूर्वी बऱ्याच घरांच्या सोप्यावर एक पांढरा केसाळ पॉमेरियन बसलेला असायचा. नाव टॉमी नाहीतर मोती. उरलेलं शीत-हुमण खायचा, पोस्टमनवर भुंकायचा, नारळ पाडायला आलेल्या पाडेल्यावर तर विशेष राग. बारा-चौदा वर्षं जगायचा. हा बहुतेक वेळा खरा पॉमेरेनियन नसायचा, तो इंडियन स्पिट्झ. ब्रिटिशांच्या काळात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून इथंच पिढ्यान् पिढ्या वाढलेला, अंगानं मोठा, इथल्या उकाड्याला सरावलेला. त्याच्या वाट्याला फार कौतुक आलं नाही आणि फार दुखणीही आली नाहीत.

आता जे ‘टॉय पॉम’ म्हणून मोबाइलवर दिसतं, ते वेगळं प्रकरण आहे. मूळ जात बाल्टिक समुद्राच्या दक्षिणेकडच्या पॉमेरेनिया प्रांतातली. हा प्रांत आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. हे उत्तरेच्या थंडीतल्या स्पिट्झ घराण्यातले कुत्रे, आजच्यापेक्षा कितीतरी थोराड. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियानं इटलीत फ्लॉरेन्सला मार्को नावाचा पॉमेरेनियन घेतला. त्याचं वजन साडेपाच किलोच्या आसपास, आणि तेव्हा तो लहान समजला गेला. राणीला लहान आवडतो म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान आवडू लागला. आज कुत्र्यांच्या जातींची नोंद आणि मापं ठरवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मापात पॉमेरेनियन बसतो तो साधारण दीड ते सव्वातीन किलोंत. मार्को आज प्रदर्शनात उभा राहिला तर परीक्षकांना तो फारच थोराड वाटेल.

लहान असणं हा काही रोग नाही, हे इथंच सांगून टाकतो. उलट लहान कुत्रे मोठ्यांपेक्षा जास्त जगतात. ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत म्हातारा होतो, तर नीट वाढवलेला चिवावा चौदा-पंधरा वर्षं सहज काढतो. कुत्र्यांतल्या लहान चणीचा संबंध आयजीएफ-१ या जनुकाशी आहे, हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे लहान चण निसर्गात होतीच, माणसानं ती वेचली. बिघडतं ते लहानाहून लहान करण्याच्या हव्यासात, आणि त्याहून जास्त घाईत.

‘टीकप’, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं कुत्रं, हा शब्द या हव्यासाचा. कुठलाही मान्यताप्राप्त केनेल क्लब अशी जात मानत नाही. टीकप करायचं म्हणजे वेतातलं सगळ्यात किरटं पिल्लू दुसऱ्या वेतातल्या किरट्याशी लावायचं, त्यांच्या पिल्लांतलं किरटं पुन्हा तसंच, आणि हे चालू ठेवायचं. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे पिल्लू महिन्याचं असतानाच विकणं. महिन्याचं कुठलंही पिल्लू टीकपच दिसतं! एवढ्याशा शरीरात काय काय कोंबलेलं असतं ते बघा. मोठ्या झालेल्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात. ग्रेट डेनला बेचाळीस आणि तळहाताएवढ्या पॉमलाही बेचाळीसच. दुधाचे दात पडत नाहीत, नवे त्यांना खेटून उगवतात, अन्न अडकतं, हिरड्या सडतात. श्वासनलिकेच्या कड्या नरम पडतात आणि मग तो हंसासारखा ढास लागलेला खोकला. मागच्या पायाची गुडघ्याची वाटी जागची सरकते, कुत्रं चालता चालता तीन पायांवर उडी मारतं, आणि घरातले म्हणतात, “बघ कसं नाचतं!” चिवावाच्या तर डोक्यावरच्या टाळूची फट बऱ्याचदा आयुष्यभर भरत नाही.

यात सगळ्यात लवकर जीव घेते ती साखर. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साठा तो किती असणार? तीन-चार तास पोटात काही गेलं नाही, वर प्रवासाचा ताण आणि थंडी, की रक्तातली साखर घसरते. फोंड्याच्या एका दवाखान्यात मी हे शेजारी बसून पाहिलेलं आहे. स्टीलच्या टेबलावर टॉवेलमध्ये मूठभर पॉम, मान डुगडुगतेय, हिरड्या पांढुरक्या. डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळलं, थांबले, पुन्हा चोळलं. “किती दिवसांचं हे, बाय?” “पंचेचाळीस सांगितलंय.” त्यांनी पिल्लाचा जबडा अंगठ्यानं हळूच उघडला. पुढचे दात नुकते टोचू लागलेले, मागच्या दाढांचा पत्ता नाही. छोट्या जातींत दात जरा उशिरा येतात हे धरलं, तरी पंचेचाळीस दिवसांचं ते नक्कीच नव्हतं. लसीचं कार्ड मात्र भरलेलं होतं. दोन स्टिकर व्यवस्थित चिकटवलेले. सही नाही, शिक्का नाही.

हे पिल्लू रात्रीच्या बसनं आलं होतं, बुटांच्या खोक्यात, कडेला पेनानं पाडलेल्या भोकांसह. घेणारी बाई पहाटे बसस्टँडवर गेली, क्लीनरनं खोका दिला, पैसे आधीच मोबाइलवरून गेलेले. विकणाऱ्याचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पिल्लाच्या आईचा फोटो होता, हिरवळीवरचा, आणि तो कुणाचाही असू शकतो.

आता या आईकडे बघू, कारण सगळा मामला तिच्यावर येऊन ठेपतो. छोट्या जातीची कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते, पिल्लं एक ते तीन, कधी चार. पिल्लाचं डोकं मोठं, आईची कंबर अरुंद. त्यातून एकच पिल्लू असेल तर ते पोटात अधिक वाढतं आणि अडतं. मग रात्री-अपरात्री सिझेरियन. ज्यांनी ‘घरी बसल्या उत्पन्न’ म्हणून पॉमची जोडी आणलेली असते, त्यांचं गणित या एका ऑपरेशननं कोसळतं, आणि कोसळलेलं गणित पुढच्या हीटवर, म्हणजे माजावर, सावरायचं ठरतं. कुत्री वर्षातून साधारण दोनदा हीटवर येते. एक वेत झालं, अंग भरून आलं नाही तोवर पुन्हा क्रॉस. स्टड, म्हणजे लावायचा नर, बाहेरचा आणला तर त्याचे पैसे द्यावे लागतात, म्हणून घरातलाच, तिचाच भाऊ, कधी तिचाच मुलगा. हे करणारे सगळे राक्षस नसतात. त्यांना हे चुकीचं आहे असं कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

सांगणारा कागद मात्र आहे. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारनं २०१७ मध्ये कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम काढले. राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कुणी पिल्लं काढून विकायची नाहीत. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत लावायची नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाच. जवळच्या रक्ताच्या नात्यात लावायचं नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, आणि विकताना त्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप, हवी. नियम शहाण्या माणसांनी लिहिलेत हे वाचताक्षणी कळतं. पण ज्या १९६० च्या कायद्यात त्यांची मुळं आहेत, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज म्हापशात दोघांचा भाजी-पाव आणि चहाही होत नाही. २०२२ मध्ये हा दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर झाला होता, पुढं त्याचा कायदा झाला नाही.

आठ आठवड्यांची अट लोकांना जाचक वाटते. “लहान आणलं की लळा लागतो,” हे मी सुशिक्षित घरांतूनही ऐकलेलं आहे. प्रत्यक्षात उलट होतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग शिकतं, आणि त्यातला पहिला धडा भावंडांकडून मिळतो. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ बंद होतो. आई दूध तोडताना गुरगुरते, म्हणजे ‘नाही’ काय असतं ते कळतं. इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीस-चाळीस दिवसांत आईपासून तोडलेली पिल्लं आणि दोन महिन्यांनी दिलेली पिल्लं यांची मोठेपणी तुलना केली. लवकर तोडलेल्यांत भित्रेपणा, अति भुंकणं, खाण्या-खेळण्यावरून गुरगुरणं जास्त आढळलं. छोटी कुत्री उपजतच खडूस असतात, असं जे आपण म्हणतो, त्यातला निम्मा खडूसपणा त्या बुटांच्या खोक्यात भरला गेलेला असतो.

उरलेला आपण भरतो. पॉमेरेनियनचा मूळ स्वभाव मला फार आवडतो. तो चौकस असतो, शूर असतो, आपण केवढेसे आहोत याचा त्याला पत्ता नसतो. फाटकाशी म्हैस आली तरी तो तिला जाब विचारणार. शिकवलं तर भराभर शिकतो. पण शिकवतो कोण? व्हिएन्नातल्या एका अभ्यासात २०१० मध्ये दिसलं की, छोट्या कुत्र्यांचे मालक मोठ्या कुत्र्यांच्या मालकांपेक्षा कमी शिकवतात, कमी खेळतात आणि एकदा रागवतात तर एकदा त्याच गोष्टीला हसतात. लॅब्राडोरनं पाहुण्यावर झेप घेतली तर घर हादरतं, पॉमनं घेतली की व्हिडिओ निघतो. “तें चाबना, फकत भोंकता,” असं दारातून सांगणाऱ्या किती घरांत त्या ‘न चाबणाऱ्या’नं शेजारच्या पोराच्या पोटरीत दात रुतवलेले आहेत, ते त्या वाड्यावर विचारा. वर त्याला रेबीजची लसही नसते, कारण तो घराबाहेर जातच नाही म्हणे! रेबीजविरुद्ध गोव्यानं केलेलं काम देशात नावाजलं गेलं. गावोगाव फिरून, जाळी टाकून भटक्यांना टोचलं, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आणि आपल्याच सोफ्यावरचा सुटतो.

संगोपनाचं फार लांबवत नाही, पण विकणारा जे सांगत नाही त्यातलं थोडं सांगायला हवं. मे महिन्यात उकडतं म्हणून पॉमचे केस मशीननं उतरवू नका. त्याचा कोट दुहेरी असतो, तो उन्हापासूनही राखतो, आणि एकदा सपाट केला की कित्येकांचा पुन्हा नीट येत नाही. गळ्यात पट्टा नको, छातीवर बसणारा हार्नेस घ्या. श्वासनलिकेचं वर सांगितलंच. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या मागं रोज गोचीड शोधायची. गोचीड तापानं आपल्याकडे कुत्री जातात, आणि दोन किलोच्या शरीरात रक्त असतंच किती. नाताळच्या केकमधले मनुके कुत्र्यांना विषारी. चवथीचे फटाके आणि दिवाळीआधीची नरकासुराची रात्र, त्या दोन्ही वेळी त्याला आतल्या खोलीत, पंखा चालू ठेवून, माणसाजवळ. नरकासुराच्या स्पीकरांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो प्राणीमित्रांचा, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, विकत घेऊच नका, दत्तक घ्या. निवाऱ्यांत इतकी गावठी पिल्लं वाट बघत असताना पैसे मोजून जात कशाला आणायची? ज्याला जमेल त्यानं जरूर आणावं. गावठी कुत्र्याइतका इथल्या हवेला पुरून उरणारा दुसरा कुत्रा नाही. पण पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, मुलं लंडन-लिस्बनला असलेली सत्तरीतली बाई वीस किलोचा ओढणारा कुत्रा जिन्यावरून कशी उतरवणार? तिला लहान कुत्रं हवं आहे आणि ती मागणी रास्त आहे. तिला पापी ठरवलं तर ती कुत्रं घ्यायची थांबणार नाही, फक्त चारचौघांत विचारायची थांबेल आणि रात्री मोबाइलवर बुकिंग करेल. तिला चांगलं पिल्लू कुठं मिळेल हे उघडपणे सांगता येईल अशी व्यवस्था नसणं, यावर तर खोकेवाल्यांचं पोट चालतं.

दुसरा आक्षेप घरी पिल्लं काढणाऱ्यांचा: आम्ही काय कारखाने आहोत? नाही, आणि म्हणूनच नोंदणी तुमच्या फायद्याची आहे. कुडचड्याला किंवा काणकोणला जी बाई आपल्या एका कुत्रीची दोन-तीन वर्षांतून एकदा पिल्लं काढते, प्रत्येक पिल्लू कुणाच्या घरी गेलं हे जिला तोंडपाठ आहे, तिच्याइतका चांगला ब्रीडर शोधून सापडणार नाही. तिच्यासाठी अर्ज मराठी-कोंकणीत, एका पानाचा आणि शुल्क नाममात्र असावं. तपासणीला येणाऱ्यानं चहा घेऊन, कुत्री बघून जावं. आज होतं असं की, नोंदणीची कटकट प्रामाणिक माणसाला घाबरवते आणि ज्याला पळवाट काढायची आहे त्याला ती लागूच होत नाही. केनेल क्लबचे ‘पेपर’ म्हणजे नोंदणी, असा एक गैरसमजही आहे. ते पेपर वंशावळ सांगतात. गुडघे आणि हृदय कसं आहे, कुत्री कितव्यांदा विते आहे, हे ते सांगत नाहीत.

आई दाखवण्याची अट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून ‘लुसीज लॉ’ लागू आहे. लुसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, म्हणजे टॉय, अर्थात छोट्या जातींच्या, गटातलीच. वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून २०१३ मध्ये सोडवलेली, सतत पिल्लं काढून काढून मोडलेली. या नियमानं सहा महिन्यांच्या आतली पिल्लं दुकानदार आणि दलालांनी विकणं बंद झालं. घ्यायचं तर ब्रीडरच्या जागेवर जाऊन, आईसोबत बघून घ्यायचं, नाहीतर निवाऱ्यातून आणायचं. नॉर्वेनं याच्याही पुढं जाऊन २०२२ मध्ये न्यायालयाकरवी कॅव्हेलियरचं प्रजननच थांबवलं, आणि पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. इतकं टोक मला इथं नको आहे; आपल्याकडे बंदी आली की धंदा सीमेपलीकडे बेळगाव-सावंतवाडीला सरकतो आणि माल त्याच बसनं येतो. आपण २०१६ मध्ये व्यावसायिक प्रजननासाठी परदेशी कुत्री आणणं बंद केलं. ते योग्यच होतं, पण बाहेरून नवं रक्त येणं थांबल्यावर आतल्या जोड्या कशा जुळवल्या जातात यावर नजर ठेवायला हवी होती. ती ठेवली गेली नाही.

करायचं काय, तर पाटोवरच्या पशुसंवर्धन खात्यानं नोंदणीकृत ब्रीडरांची यादी तालुकावार जाहीर करावी आणि दर महिन्याला ताजी ठेवावी. क्रमांकाशिवायची जाहिरात दिसली की ती काढायला लावावी. रोज एक कारकून तासभर मोबाइल घेऊन बसला तरी पुरे. आणि पहिली लस. गोव्यातलं जवळजवळ प्रत्येक विकत घेतलेलं पिल्लू कधी ना कधी पशुवैद्याच्या टेबलावर येतंच. तिथं कार्डावर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: दातांवरून दिसणारं वय, कुणाकडून घेतलं, मायक्रोचिप आहे की नाही. डॉक्टरांना पोलीस करू नका, अशी तक्रार येईल. बरोबर आहे, त्यांनी पकडायचं नाही, नुसतं लिहायचं. सहा महिन्यांची कार्डं एकत्र ठेवली की कुठल्या फोन नंबरवरून तीस दिवसांच्या आतली पिल्लं येतात ते आपोआप पुढं येईल.

यानं किंमत वाढेल. वाढू दे. दोन महिने आईजवळ ठेवलेलं, लस झालेलं, चिप असलेलं पिल्लू महाग पडणारच, आणि आज स्वस्तात घेणारा ते पैसे पहिल्या महिन्यात दवाखान्यात भरतोच आहे.

कायद्याची वाट न बघता घेणाऱ्यालाही एक गोष्ट करता येते. बुकिंगचे पैसे पाठवण्याआधी म्हणायचं, आम्ही रविवारी घरी येतो, आई बघतो. मग उत्तरं येतात ती अशी: आई मडगावला आहे, आई मेटिंगला पाठवली आहे, आई आजारी आहे, व्हिडिओ कॉल करतो, आज दुसरं गिऱ्हाईक आहे तेव्हा लगेच जीपे करा. यातलं एकही उत्तर आलं तर तो नंबर खात्याला कळवा आणि पैसे खिशातच ठेवा.